सिग्नल खात्यात नवे आहात? प्लॅनपासून रुळापर्यंत शिकण्याचा क्रम

भारतीय रेल्वेच्या सिग्नल खात्यात किंवा सिग्नलच्या कंत्राटी कामावर नव्याने आलेली मंडळी बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात. पहिल्याच आठवड्यात ती रिले रूममध्ये (रिले म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच) शिरतात, सर्किटच्या फायली चाळतात आणि कुठला रिले उचलला की कुठला दिवा लागतो हे पाठ करतात. काही महिन्यांनी त्यांना बिघाड घालवता येतो, पण तो रिले का पडला होता आणि त्यामुळे कोणती गाडी वाचली, हे सांगता येत नाही. सिग्नलच्या कामात अशी अर्धी विद्या फार घातक असते. म्हणून खालचा क्रम आधी प्लॅन, मग तक्ता (सिलेक्शन टेबल), मग रूळ आणि शेवटी सर्किट असा ठेवला आहे. मधला टप्पा गाळू नका.

इथले आकडे ब्रॉडगेजवरच्या मल्टिपल अ‍ॅस्पेक्ट कलर लाइट सिग्नलिंगचे (वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांनी इशारा देणाऱ्या पद्धतीचे) आहेत. प्रत्यक्ष कामाच्या वेळी स्टेशनचा मंजूर प्लॅन, सिग्नल इंजिनिअरिंग मॅन्युअल आणि त्या स्टेशनचे वर्किंग रूल हेच प्रमाण मानायचे.

टप्पा १: रुळावर पाय ठेवण्याआधी

सोबत हवे ते एवढेच: चकाकणारे जॅकेट, सेफ्टी शूज, टॉर्च, कॅलिब्रेशनची मुदत न संपलेला मल्टिमीटर, ०.५ ओहमचा शंट (चाचणीसाठी दोन रूळ जोडणारा रेझिस्टन्स), ५ मिलिमीटर जाडीचा टेस्ट पीस (सांध्यात अडथळा म्हणून ठेवायचा तुकडा) आणि बांधलेली वही. सुटे कागद नकोत. आज घेतलेले रीडिंग पुढच्या ऋतूतल्या रीडिंगशी ताडून पाहायचे असते, ते सुट्या कागदावर टिकत नाही.

गाडी येताना सांगायला दुसरा माणूस उभा असल्याशिवाय रुळात वाकून काम करायचे नाही. विद्युतीकरण झालेल्या भागात ओव्हरहेड तार २५,००० व्होल्टची असते. पॉवर ब्लॉक (तारेचा वीजपुरवठा बंद) नसेल तर तिच्यापासून किमान २ मीटर अंतर राखा. सिग्नलच्या खांबावर चढताना हातातला लांब पाना किंवा शिडी त्या अंतरात जाते, हे लक्षात येत नाही.

इशारा: उघड्या सांध्यात (गाडीची लाइन बदलणाऱ्या जागी), म्हणजे टंग रेल (हलणारा रूळ) आणि स्टॉक रेल (स्थिर रूळ) यांच्या मधल्या फटीत, हात किंवा पाय घालू नका. सांधा हलवणारे मशीन पॅनलवरून (स्टेशनमधल्या नियंत्रण फलकावरून) फिरवले जाते आणि फिरण्याआधी कसलीही सूचना मिळत नाही. हात घालणे भागच असेल तर आधी क्रँक हँडल (मशीन हाताने फिरवायचा दांडा) लावून किंवा कट-आउट उघडून मोटरचा पुरवठा तोडा आणि तो तुटल्याची खात्री करा.

टप्पा २: सिग्नल काय सांगतो ते नेमके शिका

सिग्नल ‘ऑन’ आहे याचा अर्थ तो सर्वांत जास्त बंधन घालणाऱ्या स्थितीत आहे. होम (स्टेशनात येण्याचा सिग्नल) आणि स्टार्टर (स्टेशनातून निघण्याचा) यांसाठी ती लाल. ‘ऑफ’ म्हणजे पुढे जाण्याची परवानगी. घरातल्या दिव्याच्या नेमके उलट असल्याने नवी माणसे फोनवर इथेच घोळ घालतात. फोनवर बोलताना सिग्नलचा नंबर आणि रंग दोन्ही सांगा.

चार अ‍ॅस्पेक्ट असे: लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलवर थांबायच्या तयारीने या. दुहेरी पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल ठरलेल्या वेगाने ओलांडायच्या तयारीने या. हिरवा म्हणजे निघा. होमची आगाऊ सूचना देणाऱ्या डिस्टंट सिग्नलला लाल दिवा नसतो. तो होमच्या किमान १ किलोमीटर अलीकडे असतो. दोन डिस्टंट असतील तर पहिला साधारण २ किलोमीटरवर येतो.

गाडी लूपवर (मेन लाइनच्या बाजूच्या लाइनवर) घेताना होमच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांचा रूट इंडिकेटर लागतो. त्यातले किमान तीन दिवे लागल्याचे सिद्ध झाल्याशिवाय खालचा पिवळा येत नाही. तिरक्या दिव्यांशिवाय पिवळा दिसला तर ड्रायव्हर मेन लाइन समजून येईल, म्हणून ही अट.

ओव्हरलॅप ही कल्पना मात्र सावकाश समजून घ्या. गाडी ज्या सिग्नलवर थांबायची, त्याच्या पुढेही काही अंतर मोकळे आणि सुरक्षित ठेवलेले असते, कारण ब्रेक कमी लागून गाडी थोडी पुढे सरकू शकते. मल्टिपल अ‍ॅस्पेक्टमध्ये ब्लॉक ओव्हरलॅप (होमच्या पुढचा) १८० मीटर आणि सिग्नल ओव्हरलॅप (स्टार्टरच्या पुढचा) १२० मीटर असतो. ओव्हरलॅपमधला सांधासुद्धा मार्गाचाच भाग आहे. हे ज्याला उमगले त्याला पुढचा तक्ता अर्धा समजला.

टप्पा ३: प्लॅन आणि सिलेक्शन टेबल

सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅनची (सिग्नल आणि सांधे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या नकाशाची) प्रत घ्या आणि ती घेऊन यार्ड चालून या. प्रत्येक सिग्नल, सांधा, ट्रॅक सर्किटचा (रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या सर्किटचा) ग्लूड जॉइंट (वीज अडवणारा रुळाचा जोड), गेट आणि क्रँक हँडलचा गट प्लॅनवर बोट ठेवून शोधा. प्लॅनवर सांध्याची नॉर्मल (नेहमीची) स्थिती दाखवलेली असते. जागेवर तो त्या क्षणी रिव्हर्सही (दुसऱ्या बाजूला) असू शकतो. हा फरक वहीत लिहा.

मग एक मार्ग निवडा. अप मेनवर गाडी घेण्याचा होम बरा. सिलेक्शन टेबल (प्रत्येक सिग्नलच्या अटींचा तक्ता) न उघडता, फक्त प्लॅन पाहून कागदावर उतरवा:

१. कोणते सांधे नॉर्मल आणि कोणते रिव्हर्स हवेत. त्यात मार्गातले, ओव्हरलॅपमधले आणि बाजूच्या लाइनवरून गाडी घुसू नये म्हणून आयसोलेशनसाठी लागणारे, असे तिन्ही प्रकार येतात.
२. कोणती ट्रॅक सर्किट मोकळी हवीत, ओव्हरलॅपसह.
३. कोणते सिग्नल त्याच वेळी ऑफ होता कामा नयेत.
४. कोणते गेट बंद आणि कोणते क्रँक हँडल जागेवर हवे.
५. पुढचा सिग्नल कोणत्या रंगाचा असता हा सिग्नल कोणता रंग दाखवेल.

आता टेबल उघडून ताडून पाहा. पहिल्या खेपेला बहुतेकांचे आयसोलेशनचे सांधे सुटतात, कारण गाडी त्यांच्यावरून जातच नाही. सुटलेली प्रत्येक नोंद का आहे हे प्लॅनवर शोधा. विचारायचे ते त्यानंतर.

तपासणी: टेबल न पाहता तीन वेगवेगळे मार्ग, त्यात एक लूपचा, बिनचूक लिहिता आले तरच पुढे जा.

टप्पा ४: ट्रॅक सर्किट

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. मोठ्या चुका इथे होतात आणि त्या महिनोन्‌महिने दिसत नाहीत.

डीसी ट्रॅक सर्किटमध्ये एका टोकाला बॅटरी, चार्जर आणि रेग्युलेटिंग रेझिस्टन्स असतो, दुसऱ्या टोकाला रिले. विद्युतीकरण झालेल्या भागात चोकही असतो. रूळ मोकळा असेल तर रिले उचललेला राहतो. गाडीची चाके दोन रुळांना जोडतात, करंट तिथूनच परततो आणि रिले पडतो. तार तुटली, बॅटरी संपली, रूळ मोडून करंटची वाट तुटली, तरीही रिले पडतो. बिघाड झाला तर गाडी आहे असे समजून सिग्नल लाल राहावा, ही रचना मुद्दाम केलेली आहे.

चाचणीचा क्रम:

१. स्टेशन मास्तरांची परवानगी घ्या. शंट लावताच ट्रॅक पडतो, आणि गाडी येत असेल तर तिच्या तोंडावर सिग्नल लाल होतो.
२. फीड (बॅटरीच्या) टोकाचा व्होल्टेज, फीडकडच्या रुळांवरचा, रिलेकडच्या रुळांवरचा आणि शेवटी रिले कॉइलवरचा मोजा. शेजारी हवामान लिहा: कोरडे, ओले किंवा पाणी साचलेले.
३. मोकळ्या ट्रॅकवर कॉइलचा व्होल्टेज रिलेच्या पिक-अपच्या (ज्या व्होल्टेजला रिले उचलतो त्याच्या) किमान १२५ टक्के हवा. वरची मर्यादा रिलेच्या प्रकारानुसार वेगळी असते, ती मॅन्युअलमधून घ्या.
४. रिलेच्या टोकाला रुळांवर ०.५ ओहमचा शंट लावा. रिले पडलाच पाहिजे, आणि कॉइलवरचा व्होल्टेज ड्रॉप-अवेच्या (ज्या व्होल्टेजला रिले पडतो त्याच्या) ८५ टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नये.
५. तीच चाचणी फीड टोकाला आणि सांध्यातून फुटणाऱ्या प्रत्येक फाट्यावर करा.
६. प्रत्येक वेळी ट्रॅक रिले, त्याचा रिपीटर (तीच स्थिती पुढे कळवणारा रिले) आणि पॅनलवरचा लाल दिवा हे तिन्ही बदलल्याचे पाहा.

समजा रिलेचा पिक-अप ०.८ आणि ड्रॉप-अवे ०.५ व्होल्ट आहे. तर मोकळ्या ट्रॅकवर किमान १.० व्होल्ट हवा आणि शंट लावल्यावर ०.४२५ च्या वर काही दिसता कामा नये. ०.४८ दिसले आणि रिले पडलाही, तरी ते ट्रॅक सर्किट नापास आहे.

नेहमीची आणि सर्वांत वाईट चूक पावसाळ्यात होते. ओल्या, मातीने भरलेल्या खडीतून करंट एका रुळातून दुसऱ्यात गळतो, रिलेला व्होल्टेज कमी मिळतो आणि मोकळा ट्रॅकही लाल दिसू लागतो. घाईत कोणीतरी रेग्युलेटिंग रेझिस्टन्स कमी करून व्होल्टेज वाढवतो आणि बिघाड जातो. पुढे खडी सुकते, गळती थांबते आणि आता रिलेला गरजेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज मिळतो. अशा वेळी गाडी उभी असूनही रिले पडणार नाही, अशी स्थिती येऊ शकते. म्हणून व्होल्टेजला हात लावलात की त्याच वेळी शंट टेस्ट घ्या, आणि कोरडे हवामान येताच पुन्हा घ्या. खडीचा रेझिस्टन्स स्टेशन यार्डात किलोमीटरला किमान २ ओहम आणि ब्लॉक सेक्शनमध्ये ४ ओहम अपेक्षित असतो. त्याहून खाली असेल तर काम खडी साफ करण्याचे आणि पाणी काढण्याचे आहे. इंजिनिअरिंग शाखेला लेखी कळवा.

आणखी दोन गोष्टी:

क्वचित वापरल्या जाणाऱ्या लाइनवर रुळाच्या माथ्यावर गंज साचतो. शंटचा क्लॅम्प गंज खरवडून धातूला भिडतो, हलके चाक भिडेलच असे नाही. शंट टेस्ट पास झाली म्हणून गंजलेल्या लूपवर विसंबू नका.

शेजारच्या दोन ट्रॅक सर्किटची पोलॅरिटी उलट असली पाहिजे. ग्लूड जॉइंट फुटला आणि पोलॅरिटी सारखी असेल, तर शेजारचा फीड तुमचा रिले उचलून धरतो. केबल बदलल्यावर किंवा रूळ बदलल्यावर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून हे पाहाच.

अ‍ॅक्सल काउंटरला खडी आणि गंजाचा त्रास नाही; तो आत गेलेले आणि बाहेर आलेले अ‍ॅक्सल मोजतो. तिथली चूक रीसेटची असते. सेक्शन प्रत्यक्ष मोकळा असल्याची ठरलेल्या पद्धतीने खात्री झाल्याशिवाय रीसेट नाही. "गाडी तर मघाशीच गेली" हा पुरावा होत नाही.

टप्पा ५: सांधा आणि पॉइंट मशीन

मशीनने तीन कामे करायची असतात: टंग रेल हलवणे, ती जागेवर लॉक करणे, आणि ती खरोखर बसली आहे हे डिटेक्शनने कळवणे. नव्या माणसाचे लक्ष पहिल्या कामावर असते. गाडीचा जीव उरलेल्या दोनांवर असतो.

१. लेखी डिस्कनेक्शन (कामासाठी उपकरण वापरातून काढण्याची परवानगी) घ्या; पद्धत टप्पा ७ मध्ये आहे.
२. स्लाइड चेअर साफ करा, वंगण द्या, नट-बोल्ट आणि कॉटर पाहा. टंग रेल स्टॉक रेलला सपाट भिडते का, स्लीपरखालची खडी ढिली आहे का, हे इंजिनिअरिंगच्या माणसासोबत बघा. ढिल्या स्लीपरवरचा सांधा मशीनमध्ये कितीही दुरुस्त्या केल्या तरी पुन्हा फेल होतो.
३. दोन्ही दिशांना फिरवून मोटरचा करंट लिहा. आधीच्या नोंदीपेक्षा वाढला असेल तर कुठेतरी अडकते आहे.
४. ऑब्स्ट्रक्शन टेस्ट: टंग रेलच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर, टंग आणि स्टॉक रेलच्या मध्ये ५ मिलिमीटरचा टेस्ट पीस ठेवा आणि मशीन फिरवायला सांगा. मशीन लॉक होता कामा नये, डिटेक्शन कॉन्टॅक्ट जुळता कामा नयेत, आणि फ्रिक्शन क्लच घसरला पाहिजे.
५. दुसऱ्या बाजूलाही तेच. एकच बाजू करून नोंदवहीत दोन्हींवर सही करणे हा गुन्हा समजा.
६. टेस्ट पीस काढा आणि मोजून पिशवीत टाका. सांधा दोन्हीकडे फिरवा आणि पॅनलवरचे इंडिकेशन जागेशी जुळवा.
७. सांध्याचे ट्रॅक सर्किट शंटने पाडा आणि पॅनलवरून सांधा फिरवायला सांगा. तो हलता कामा नये.
८. क्रँक हँडल आत घातल्यावर मोटर चालत नाही, हे तपासा.

चाचणी नापास झाली की दोन चुकीचे इलाज हमखास होतात. एक, क्लच घट्ट करणे. मग मशीन अडथळ्यावरही जोर लावते, मोटर तापते आणि रॉडवर ताण येतो. दुसरा, फक्त डिटेक्शनचे कॉन्टॅक्ट सरकवून चाचणी पास करून घेणे. आधी पिन आणि रॉडमधली झीज शोधा, थ्रो आणि लॉकची अ‍ॅडजस्टमेंट करा आणि डिटेक्शनला सर्वांत शेवटी हात लावा.

टप्पा ६: आता सर्किट

ड्रॉइंगवर प्रत्येक रिले सामान्य स्थितीत दाखवलेला असतो: गाडी नाही, मार्ग लावलेला नाही. त्या स्थितीत उचललेला रिले वरच्या बाणाने आणि पडलेला खालच्या बाणाने ओळखायचा. ब्रिटिश पद्धतीच्या पॅनल इंटरलॉकिंगमध्ये होमच्या मार्गाची साखळी ढोबळपणे अशी चालते: बटणे दाबली, सांधे फिरले, डिटेक्शनचे रिले उचलले, मार्ग तपासणारा यूसीआर रिले उचलला, एएसआर रिले पडून मार्ग लॉक झाला, मग एचआर रिले उचलून पिवळा लागला आणि दिवा खरोखर लागल्याचे ईसीआर रिलेने कळवले.

एएसआर पडतो आणि मग सिग्नल येतो, हा क्रम नीट ध्यानात घ्या. आधी कुलूप, मग परवानगी. गाडी जवळ आल्यावर मार्ग रद्द केला तरी तो लगेच सुटत नाही. १२० सेकंद जाऊ द्यावे लागतात, म्हणजे तोवर गाडी थांबलेली असते.

सराव असा करा. सिलेक्शन टेबल समोर ठेवून यूसीआर आणि एचआरमध्ये कोणते कॉन्टॅक्ट असायला हवेत ते लिहा आणि मगच ड्रॉइंग उघडा. ड्रॉइंगमध्ये जास्तीचा दिसणारा प्रत्येक कॉन्टॅक्ट का आहे ते शोधा. प्रत्येकापाशी दोन प्रश्न: हा तुटला तर काय होईल, आणि हा चुकून जोडलेलाच राहिला तर काय होईल? पहिल्याचे उत्तर ‘सिग्नल लाल’ असेच येते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना बाहेरच्या सर्किटमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही तारा का तोडतात, आणि मेटल-टू-मेटल कॉन्टॅक्टच्या रिलेचे पडणे बॅक कॉन्टॅक्टने (रिले पडल्यावर जुळणाऱ्या) वेगळे का सिद्ध करतात, हे कळते.

इशारा: शिकताना रिले हाताने उचलून बघणे, काढून दुसऱ्या जागी लावणे, कॉन्टॅक्टवर तार टेकवणे यांतले काहीही चालू स्टेशनवर करायचे नाही. प्रशिक्षण केंद्रात मॉडेल रूम त्यासाठीच असते. रिले रूमला दोन कुलपे असतात, एक किल्ली मास्तरांकडे असते. प्रत्येक उघडण्याची नोंद करा.

टप्पा ७: डिस्कनेक्शन आणि रीकनेक्शन

१. काम, गियरचा (सांधा, सिग्नल अशा उपकरणाचा) नंबर आणि लागणारा वेळ लिहून टी/३५१ फॉर्म मास्तरांना द्या. क्रॉसओव्हर (दोन लाइन जोडणारे सांधे) असेल तर दोन्ही टोके लिहा, त्या सांध्यावर अवलंबून असलेले सिग्नलही.
२. मास्तरांची सही आणि वेळ मिळेपर्यंत पान्याला हात लावू नका.
३. डिस्कनेक्ट केलेल्या सांध्यावरून गाडी न्यायची तर तो क्लॅम्प आणि कुलूप लावून पक्का करावा लागतो, आणि लाल सिग्नल ओलांडायला ड्रायव्हरला लेखी अधिकारपत्र लागते. हा निर्णय मास्तरांचा. तुम्ही सर्किटमधून ‘मदत’ करायची नाही.
४. काम झाल्यावर मास्तरांसोबत चाचणी करा. त्यानंतरच रीकनेक्शन द्या, वेळेसह.

"मास्तर, दोनच मिनिटांचे काम आहे" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. गाड्यांचा खोळंबा होतो आहे म्हणून दबाव येईल, फोन येतील. विनाकागद काम केल्यावर मास्तरांना तो सांधा धडधाकट वाटतो आणि ते त्यावर गाडी घेतात.

टप्पा ८: तारा बदलल्यावरची चाचणी

२ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र लूपकडे लागलेला होता, आणि अपघात झाला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण पुढे आले ते पूर्वी गुमटीत (सिग्नलच्या उपकरणांच्या खोलीत) सर्किट बदलताना आणि नंतर गेटचा बॅरिअर बदलण्याच्या कामात झालेल्या चुकांचे. टर्मिनलवरची चुकीची नावेही दुरुस्त झालेली नव्हती. सर्किट बदलल्यावर पॅनल बरोबर दिसते आहे, एवढ्यावर काम संपत नाही ते यासाठी.

१. काम सुरू करण्याआधी मंजूर ड्रॉइंग आणि जागेवरच्या तारा एकेक करून जुळवा. टर्मिनलवरचे नाव आणि ड्रॉइंगवरचे नाव वेगळे निघाले तर तिथेच थांबा आणि वरिष्ठांना लेखी कळवा.
२. काढलेली प्रत्येक तार लेबल लावून नोंदवा.
३. काम झाल्यावर करस्पॉन्डन्स टेस्ट: एक माणूस गियरपाशी, एक रिलेपाशी, एक पॅनलवर. गियरपाशी उभा असलेला डोळ्यांनी दिसते ते आधी सांगतो, मग बाकीचे आपले वाचतात. पॅनलवरच्याने आधी सांगितले की समोरचा नकळत "हो" म्हणतो.
४. सांध्याची प्रत्येक बाजू, प्रत्येक टोक वेगळे तपासा. एका टोकाचे डिटेक्शन तोडले की इंडिकेशन जायलाच हवे.
५. टेबलातली प्रत्येक अट एकेक करून मोडा आणि सिग्नल येत नाही हे बघा. मग सिग्नल ऑफ करून तीच अट मोडा आणि तो लाल होतो हे बघा.
६. तारा ज्यांनी जोडल्या त्यांच्याखेरीज दुसऱ्या माणसाने चाचणी घ्यावी.

टप्पा ९: बिघाड शोधणे

आधी पॅनल आणि डेटा लॉगर (घडामोडींची नोंद ठेवणारे यंत्र) पाहा: शेवटी काय चालले होते, काय आधी पडले. मग टेबलावरून कोणती अट पूर्ण होत नाही ते ठरवा. त्यानंतर रिले रूममध्ये त्या अटीचा रिले, आणि तिथून केबलने बाहेर. मीटर फक्त मोजण्यासाठी. केबलचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासताना दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आधी सोडवा, नाहीतर ती जळतात.

बिघाड आपोआप गेला तर ‘तपासले, ठीक’ एवढेच लिहून वही मिटू नका. वेळ, हवामान, रीडिंग आणि हात लावलेली प्रत्येक वस्तू लिहा. असा बिघाड बहुधा पुन्हा येतो, आणि तेव्हा दुसरा माणूस ड्यूटीवर असतो.

सिग्नल लाल राहिला तर तो सुरक्षित बाजूचा बिघाड, गाडी फक्त उशिरा जाते. पण गाडी उभी असताना ट्रॅक मोकळा दिसला, सांधा एकीकडे आणि इंडिकेशन दुसरीकडे, किंवा नको तेव्हा सिग्नल ऑफ झाला, तर दुरुस्तीला हात घालायचा नाही. मास्तरांना सांगून संबंधित सिग्नल लाल करून घ्या, त्या मार्गावर गाडी घेणे थांबवा, रिले रूम आणि लोकेशन बॉक्स (रुळालगतची उपकरणांची पेटी) आहे त्या स्थितीत सील करा आणि लगेच वरिष्ठांना कळवा. एखादी तार घट्ट केली, एखादा रिले टिचकी मारून पाडला, तर बिघाड नाहीसा होईल आणि त्याचे कारणही नाहीसे होईल.